लिटमस आणि जर्नलवरची सही

नववीच्या दुसऱ्या सत्रात, चारकोपच्या आमच्या शाळेत, लाल लिटमस कागद निळा झाला नाही. धुण्याच्या सोड्याचं पाणी आम्लारी असतं आणि त्यात तो निळा होतो, असं पुस्तकात होतं. प्रयोगशाळेतले कागद फार जुने होते. मी जर्नलमध्ये ‘बदल नाही’ असं लिहिलं. बाईंची सही नसेल तर प्रात्यक्षिक परीक्षेला बसता येत नसे.

‘दिसलं ते नको लिहूस गं, दिसायला हवं ते लिही,’ असं म्हणून बाईंनी सही न करता जर्नल परत केलं.

‘वाट लागली तुझी,’ शेजारची मैत्रीण म्हणाली. ‘तुझं ते कोकमाचं पाणी टाकून बघ ना, यार.’

गावाहून आलेल्या कोकमाच्या आगळाचं पाणी आई रोज डब्यासोबत द्यायची. सोड्यात ओतताच त्याचा गुलाबी रंग काळपट हिरवा झाला. बाईंनी वाकून पाहिलं आणि बाटली ठेवून घेतली.

मी खोडून ‘लिटमस निळा झाला’ असं लिहिलं. सही मिळाली. दुपारी बाईंनी ‘ब’ तुकडीला तोच प्रयोग कोकमाच्या पाण्याने करून दाखवला. त्या तुकडीनेही जर्नलमध्ये लिटमस निळा झाल्याचं लिहिलं.