एका बैठकीत तीस दिवसांची सायकल

वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी मी वहीत सायकल शिकलो.

आमच्या डोंबिवलीत मुलांचे प्रोजेक्ट आईबापांनीच करायचे असतात. (तिसरीत माझ्या थर्माकोलच्या ज्वालामुखीला पहिलं बक्षीस आहे!) त्यामुळे माझी सहावीतली लेक रेवा म्हणाली, "बाबा, पीटीचा अभ्यासक्रम बदललाय. माणसाने आयुष्यभर शिकत राहायचं, असं आहे त्यात. घरातल्या एका मोठ्या माणसाला महिनाभर काहीतरी शिकवायचं आणि रोज वहीत लिहायचं. मी तुला सायकल शिकवणार," तेव्हा मी त्यातलं 'वहीत लिहायचं' एवढंच ऐकलं. आमच्या वेळी पीटीचा तास गणिताच्या बाई घ्यायच्या. त्या विषयात तपासणार काय?

रेवा रोज संध्याकाळी हेल्मेट घेऊन दारात उभी. मी रोज, "उद्या गं!" शेवटच्या रविवारी बसलो आणि तीस दिवस एका बैठकीत लिहून काढले. तीन वेगवेगळ्या पेनांनी! बाराव्या दिवशी गुडघासुद्धा फोडून घेतला.

"बाबा, हे खोटंय."

"अगं, कोण बघतंय?"

प्रोजेक्ट दाखवायच्या दिवशी, शाळेच्या मानपाड्याजवळच्या मैदानात पीटीच्या बाईंनी बघितलं. चाळीस पालकांसमोर.

"सुरेख वही! बाबा, आता एक राउंड मारून दाखवा."

मी सायकलवर चढलो आणि लगेच पलीकडच्या बाजूने उतरलो. ('उतरलो' हा माझा शब्द. पालक "पडले, पडले!" असं ओरडत होते.)

रेवाचा चेहरा एवढासा झाला. माझ्यामुळे तिची श्रेणी जाणार होती. पण पोरगी सरळ बाईंसमोर गेली. "मॅडम, वही बाबाने लिहिलीय. त्याला येत नाही. मी आत्ता शिकवू?"

तिने सीट धरली. "खाली नको बघूस. समोर बघ. पडलास तर पडलास." मी सहा वेळा पडलो, ती एकदाही चिडली नाही. (अपूर्णांक शिकवताना मी तिच्या दुसऱ्या चुकीलाच ओरडतो.) सातव्या वेळी चांगला पंधरा फूट गेलो, तर ती माझ्याहून मोठ्याने ओरडली! अकरा वर्षांची पोर, एवढा धीर आणते कुठून? मी थक्क होऊन बघत राहिलो. डोळे पुसले आणि धुळीचं नाव सांगितलं.

बाईंनी रेवाला 'अ' श्रेणी दिली. माझ्या वहीवर लाल पेनाने शेरा मारला: 'विद्यार्थ्याने उद्या पालकांना घेऊन यावे.'

गेलो घेऊन. माझी एकाहत्तर वर्षांची आई बाईंना म्हणाली, "काय सांगू बाई, हा लहानपणापासून असाच आहे!"