पाटलाच्या ओसरीचे खांब

माझा बाप पाथरवट. आमचं गाव रोहिणखेडच्या बाजूला. गावातल्या हेमाडपंती देवळाच्या मंडपातले चार खांब नाहीसे झाले, तेव्हा पाटलानं चावडीवर सगळ्या गावासमोर बापाला पागोटं उतरवायला लावलं. "दगडाची पारख यालेच. यानंच इकले," पाटील म्हणाला. आम्ही गाव सोडून मलकापूरला आलो. तिथं तो छिन्नीला पुन्हा शिवला नाही आणि फार जगलाही नाही.

पुढे मी नकाशे काढायला शिकलो आणि जुन्या इमारतींची मोजणी करणाऱ्या सरकारी खात्यात लागलो. नागपूरच्या साहेबाबरोबर वऱ्हाडातली देवळं, मशिदी, बारवा मोजत फिरताना आमच्याच गावात मुक्काम पडला, तोही पाटलाकडे. तो म्हातारा झाला होता. त्यानं मला ओळखलं नाही.

ओसरीवर जेवायला बसलो. खांबांना चुना, वर निळा रंग. माझ्या पाठीमागच्या खांबाचा चुना ओलीनं सुटला होता आणि आत दगडात कोरलेली घंटा दिसत होती. अशाच घंटांवरून मी लहानपणी देवळात बोट फिरवायचो. मी भाकर संपवली, वर आणखी मागून घेतली. साहेबालाही काही बोललो नाही. एकट्यात सांगितलं असतं तर पाटलानं ते मिटवलं असतं. मला सगळं गाव समोर हवं होतं.

देवळातल्या खांबांच्या रिकाम्या खाचांची मापं घेऊन ठेवली. बाजाराच्या दिवशी ओसरीपुढे माणसं जमली, तेव्हा पटाशी घेऊन चुना खरवडायला लागलो.

"काय करून राह्यले, बाबू?" पाटील उठून उभा राहिला.

"चुन्याखाली काय हाय ते पाहून राह्यलो."

घंटा, साखळ्या, एकेक उघडं पडत गेलं. मग मी त्याला सांगितलं, "ज्याचं पागोटं तुम्ही उतरवलं, त्या पाथरवटाचा पोरगा मी."

तो जवळ आला, हळूच म्हणाला, "घरात सोयरे हायेत. आत चाल, आत बोलू."

"जे बोलायचं ते इथंच बोला."

तो एकटाच आत गेला.

मापं जुळली. साहेबानं खांब परत देवळात बसवायला लावले. ओसरीचं छप्पर उतरवताना माझी काही गरज नव्हती, तरी मी पाटलाच्याच अंगणात खुर्ची टाकून बसलो, आणि शेवटची तुळई खाली येईपर्यंत उठलो नाही. त्याच्या सुना दारातून पाहत होत्या. मला बरं वाटलं.

देऊळ आज शाबूत आहे, लोक मला त्याचं श्रेय देतात. माझा बाप चोर नव्हता, एवढं मात्र पाटील कधी म्हणाला नाही. तो गेल्याचं कळलं तेव्हा वाईट वाटलं ते इतकंच, की आता ते कोणाकडून वदवून घ्यायचं.