उदाहरणातली चिऊ

भाषा कुठलीही असो, मशीन कुठलंही असो, प्रोग्रॅम अडला की सगळं ऑफिस अण्णांच्या टेबलाशी यायचं. तारीख एक दिवस मागे का पडते, अक्षरांचे चौकोन का होतात, असल्या प्रश्नांची उत्तरं अण्णा बारा वर्षं एका फाइलमध्ये लिहीत आले. प्रत्येक उदाहरणात व्हेरिएबलचं, म्हणजे माहिती ठेवायच्या कप्प्याचं, नाव एकच: चिऊ. त्यांच्या लेकीचं लाडाचं नाव.

आज, त्यांनीच हाताला धरून शिकवलेला शेजारच्या टेबलावरचा पठ्ठ्या तीच फाइल स्वतःच्या नावाने नव्या भरतीच्या पोरांना पडद्यावर दाखवत होता. अण्णांनी तेही गिळलं.

कुणीतरी विचारलं, "सर, हे चिऊ काय?"

"माझी मुलगी," लग्नाचा पत्ता नसलेला तो बिनदिक्कत म्हणाला.

अण्णा ताडकन उठले. "उत्तरं ढापलीस ती ढापलीस, मेल्या. लेक तरी माझी राहू दे!"