फॉर्मलिनमधला मेंदू

उंदराचा मेंदू बाटलीत सोडला, झाकण लावले, आणि ओळखीचा उग्र वास आला. बाटलीत फॉर्मलिन होते, नमुने टिकवायचे रसायन. गोठवण्यासाठी आणलेला कोरडा बर्फ शेजारी तसाच धुमसत होता.

धाराशिवच्या कॉलेजात आयुष्यभर प्राणिशास्त्र शिकवून मी पीएच.डी.ला फार उशिरा नाव नोंदवले. गाईड माझीच जुनी विद्यार्थिनी. तिची लॅब पुण्याला. तिथे उंदराच्या मेंदूतल्या पेशींना एका विषाणूमार्फत आरएनएचे वेगवेगळे बारकोड, म्हणजे ओळखखुणा, देत. पेशीचा धागा जिथवर जाई, तिथवर तिचा बारकोडही जाई. मग मेंदूचे तुकडे करून सिक्वेन्सिंगने, म्हणजे आरएनएमधली अक्षरे क्रमाने लावून, बारकोड वाचायचे; कोणती पेशी कुठे जोडली आहे ते कळते. घरातल्या आणि शेतातल्या उंदरांच्या या जोडण्या उत्क्रांतीत कुठे वेगळ्या झाल्या, हा आमचा प्रश्न.

माझे काम लहान होते. आमच्याच जिल्ह्यातल्या वाशीच्या शिवारातल्या उंदराचा, बारकोड न दिलेला मेंदू गोठवून पाठवायचा. हा कंट्रोल, म्हणजे पडताळणीचा नमुना. यात बारकोड सापडला, तर वाचनातच चूक आहे असे समजायचे.

फॉर्मलिनमध्ये आरएनए खराब होतो. हे मला ठाऊक होते. माझ्या हातांना नव्हते.

आमच्या कॉलेजचे लॅब अटेंडंट बाबूराव माझ्याच वयाचे. म्हणाले, "सर, धुऊन ठेवा की बर्फात. कुणाला कळतंय?"

"त्यातलं काही वाचता येणार नाही, बाबूराव."

"त्यात काय सापडायलाच नको ना? मग न्हाईच सापडणार. लई बेस झालं!"

गाईडला फोन करायला मला अर्धा तास लागला.

"मॅडम, मेंदू फॉर्मलिनमध्ये गेला."

पलीकडे हसू. "सर, मॅडम नका हो म्हणू. पहिल्या प्रॅक्टिकलला माझा बेडूक ट्रेमध्ये तसाच राहिला होता. तुम्ही केवढे रागावलात! 'आधी फॉर्मलिन, मग गप्पा.'"

तो वर्ग, त्या काचेच्या बरण्या, पहिल्या बाकावरची ती अबोल मुलगी, सगळे डोळ्यांपुढे आले.

"आता काय करायचं?"

"प्राणी-प्रयोगाच्या परवानगीत आणखी एकच उंदीर बसतो, सर. तोही गेला तर कंट्रोल नाही, आणि तुमचा प्रबंधही अडेल."

दुसऱ्या दिवशी पुन्हा वाशी. शेतमालकाने पिंजरा हातात देत विचारले, "काल एक नेला की सर. नापास झाला व्हय?"

"मीच झालो," मी म्हणालो.

या वेळी बाबूरावांनी फॉर्मलिनच्या सगळ्या बाटल्या कपाटात घातल्या आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवली. मेंदू थेट बर्फात गेला.

काही आठवड्यांनी रिपोर्ट आला. उंदराचा स्वतःचा आरएनए शाबूत, बारकोड शून्य.

"आमी तेच म्हणलो होतो," बाबूराव म्हणाले.

ते खरेच होते. बारकोडच्या रकान्यात पहिल्या मेंदूनेही शून्यच दिले असते. फक्त तिथे उंदराचा स्वतःचा आरएनएही वाचता आला नसता, म्हणून त्या शून्याला काही अर्थ नसता. काहीही न सापडण्यासाठीसुद्धा काम नीटच करावे लागते, हे मी निवृत्तीला दोन वर्षे उरली असताना शिकलो.