फुकटचा मोहिंगा

मा थिडा चिडकी आहे हे सिंगापूरच्या सेम्बावांगमधल्या यच्चयावत बर्मी माणसांना ठाऊक होतं. मा म्हणजे ताई. नुसत्या नावानं हाक मारायची त्यांच्यात रीत नाही. त्यामुळे तिच्याहून वयानं मोठे वेल्डरसुद्धा कॉफीशॉपातल्या तिच्या स्टॉलपुढे उभे राहून "मा थिडा, पोटात कावळे ओरडतायत!" म्हणायचे, आणि ती डाव उगारून म्हणायची, "मग कावळ्यांना सांगा, रांगेत या!"

रांग ही तेव्हा थट्टाच होती. शिपयार्डातली दहाबारा माणसं, दोन घरकाम करणाऱ्या पोरी, बस. त्यांना घराची आठवण आली की ते मोहिंगा खायला यायचे. मोहिंगा म्हणजे मांगूर माशाचा दाट रस्सा, त्याला भाजलेल्या डाळीचं पीठ लावलेलं, आत केळीच्या खोडाचा गाभा, खाली तांदळाच्या शेवया. वर दुधीची कुरकुरीत भजी. ती भजी थिडाचा नवरा को जॉ तळायचा. शिपयार्डात पाठ धरली तेव्हापासून तो कढईपाशी बसला तो बसलाच.

मग मागच्या वर्षी फोन काठीला लावलेली एक मुलगी आली, एक घास खाऊन "ओ माय गॉड" म्हणाली, ते तिनं इंटरनेटवर टाकलं, आणि पुढच्या शनिवारी रांग पार बसस्टॉपच्या अंगाला गेली.

थिडाला ते आजतागायत कळलेलं नव्हतं. सिंगापुरात आली त्या वर्षी तिनं घरी मासा शिजवला, तर शेजारीण दार ठोठावून विचारायला आली होती, काही मेलंय का म्हणून. आता त्याच वासासाठी पुंगोलहून, कुठून कुठून लोक येत होते, आणि येऊन म्हणत होते, "आंटी, हा बर्मी लक्सा ना?"

"लक्सा नाही. त्यात नारळाचं दूध असतं. हा मोहिंगा."

"हां, म्हणजे लक्सासारखा."

"लक्सासारखा नाही!"

"आंटी, मासा जरा कमी, कॅन?"

"माशाचंच आहे ते!" थिडा को जॉकडे वळून बर्मीत म्हणायची, "ह्यांना पाणी दे उकळून."

आणि तरी ही माणसं वाटी चाटूनपुसून खायची. पुन्हा यायची. तिची जुनी गिऱ्हाइकं मात्र टेबलावर जागा धरायला ठेवलेली टिश्यूची पाकिटं बघून दारातूनच परत फिरायची. हे चांगलं झालं की वाईट, हे तिला ठरवता येईना.

त्यात आईचा वर्षाचा दिवस आला.

आई वारली तिकडे बर्मात, पथेनला. थिडाला जाता आलं नव्हतं. वर्ष झालं की भिक्खूंना भोजन द्यायचं आणि मग जो येईल त्याला जेवू घालायचं, आईच्या नावानं. येईल त्याला म्हणजे कुणालाही. परत पाठवायचं नाही. शेवटी आपण पुण्य वाटून दिल्याचं तीनदा बोलायचं, ऐकणाऱ्यांनी तीनदा 'थाडू' म्हणायचं, म्हणजे ते आईला पोचतं. पण एक अट असते. देण्याआधी, देताना आणि देऊन झाल्यावर, तिन्ही वेळा मन प्रसन्न हवं.

रविवारी पहाटे पथेनहून बहिणीचा फोन आला. "ताई, आज चिडायचं नाही हं."

"मी कशाला चिडू?"

"आई म्हणायची, थिडाच्या हातचं दान म्हणजे फणस. गोड खरं, पण काटे आधी लागणार."

"ठेव फोन! मी प्रसन्न आहे!" थिडा ओरडली.

नोव्हेनाजवळच्या बर्मी विहारात भिक्खूंचं भोजन छान पार पडलं. तिथे एकता भेटली. नागपूरची, इथे लॅबमध्ये संशोधन करणारी. ती अधूनमधून विहारात यायची आणि थिडाला थिडाताई म्हणायची. लेक गार्गी बरोबर होती. "ताई, आम्ही वाढायला येतो," एकता म्हणाली. थिडाचं मन पहिल्यांदा प्रसन्न झालं. एक झालं, तिनं मनात म्हटलं.

स्टॉलवर दोन मोठी पातेली तयार होती. शिपयार्डातली माणसं ओव्हरटाइम आटोपून दुपारी येणार होती. तोवर येईल त्याला वाढायला तिनं सुरुवात केली. पहिल्याच मुलानं कार्ड पुढे केलं.

"पैसे नाहीत आज."

"फुकट? का? नवीन ब्रँच उघडताय?"

"आईसाठी."

"सो स्वीट," तो म्हणाला आणि त्यानं वाटीचा फोटो काढला.

झालं. तासाभरात रांग बसस्टॉप ओलांडून गेली. हे लोक जेवायला आले होते की ऑफर लुटायला? आजीला, पोरांना, कुत्र्यालासुद्धा घेऊन आले होते. एकताचा वाढता हात थांबेना. गार्गी भजी ठेवता ठेवता म्हणाली, "मम्मा, दॅट अंकल सेकंड टाइम आलाय, लाह!"

"येऊ दे. मोजायचं नसतं."

"पण ही इज टेकिंग पार्सल!"

थिडाचे कान गरम झाले. प्रसन्न, ती स्वतःला बजावत होती, प्रसन्न, प्रसन्न. तेवढ्यात एका बाईनं वाटी परत आणली. "थोडी गार आहे. आणि अंडं नाही का?"

डाव पातेल्यावर आपटला. "फुकट खाता आणि अंडं मागता?"

बाई ओशाळून मागे सरली. थिडानं डाव खाली ठेवला. हे काय केलं आपण? देताना! नेमकं देताना! आईपर्यंत आता काय पोचणार, ओरडा?

को जॉनं हळूच पुठ्ठ्याचा तुकडा पुढे सरकवला. "लिहून लावू. फक्त म्यानमारच्या लोकांसाठी. पातेल्याचा तळ दिसायला लागलाय, थिडा. आपल्या माणसांना काय देशील?"

"निवडून दिलं तर ते दान कसलं?"

"आणि चिडून दिलं तर?"

तिनं पुठ्ठा चुलीमागे फेकला, अंडं सोललं, त्या बाईच्या टेबलापाशी जाऊन वाटीत ठेवलं. बाई म्हणाली, "सॉरी, आंटी." थिडाही म्हणाली, "सॉरी." मग बाईनं अंडं फोडलं आणि थिडा पातेल्याकडे परत गेली.

दुपारी निळ्या कपड्यांत शिपयार्डातली माणसं आली, पुढे म्हातारे ऊ म्यिंट; ऊ म्हणजे काका. तोवर दोन्ही पातेली खरवडून झाली होती. थिडाला तोंड दाखवायची लाज वाटली.

"काका, काहीच उरलं नाही. सगळं ह्यांनी..." तिनं रांगेकडे हात केला. "तुम्हाला उपाशी ठेवलं मी."

ऊ म्यिंट पातेल्यात डोकावले. "वा! चाटूनपुसून नेलं की."

"काका, थट्टा नको."

"अगं वेडे, आम्ही काय जेवायला आलो? बिस्किटं खाल्ली आहेत. थाडू म्हणायला माणसं नकोत तुला? ह्या रांगेतल्यांना येतंय का ते?"

माणसं स्टॉलपुढे जमिनीवर बसली, ट्रे आणि टिश्यूच्या पाकिटांमध्ये जागा करून. थिडानं हात जोडले. पुण्य वाटल्याचं तिनं तीनदा म्हटलं. "थाडू, थाडू, थाडू," माणसं म्हणाली. त्यांच्या मागून एकताचा आवाज आला, "साधु, साधु, साधु." आमच्याकडेही म्हणतात, ती डोळे पुसत पुटपुटली. अंडं मागणाऱ्या बाईनं इकडेतिकडे बघितलं, काय चाललंय ते तिला कळलं नव्हतं, पण तिनंही हात जोडले. तो पार्सलवाला काका पिशवी मांडीवर घेऊन जमेल तसं काहीतरी म्हणाला.

फोन वाजला. बहीण.

"झालं? चिडलीस?"

"चिडले."

"खूप?"

"डाव आपटला."

"आणि ताई, देऊन झाल्यावर? आता कसं वाटतंय?"

थिडानं बघितलं. निळ्या कपड्यांतली उपाशी माणसं को जॉच्या कढईतली शेवटची भजी वाटून खात होती आणि ऊ म्यिंट त्या बाईला हातवारे करून मोहिंगा म्हणजे लक्सा नव्हे हे समजावत होते. बाई मान डोलावत होती, काही कळल्यासारखं दिसत नव्हतं. थिडाला हसू येत होतं आणि रडूही, आणि ह्यातलं प्रसन्न कोणतं ते तिला सांगता येईना.

"कळत नाहीये गं," ती म्हणाली. "आईला विचारायला हवं होतं."

"आंटी!" रांगेच्या शेवटून एक मुलगा ओरडला. "संपलं? उद्या मिळेल?"

"उद्या ये!" थिडा फोन खांद्याशी धरून ओरडली. "उद्या पैसे पडतील! आणि लक्सा म्हणालास तर दुप्पट!"

पलीकडे, पथेनला, बहीण हसायला लागली होती.