सहावी पाकळी

गळतेय असं समजून मी दत्तारामच्या मोटरचं भोक बुजवलं. होडीच्या मागच्या फळीला अडकवायची जुनी, आठ घोड्यांची मोटर होती ती. नुकतीच कुणाकडून तरी घेतलेली. पहिल्याच फेरीत मी पाहिलं होतं, तिच्या कुशीतून करंगळीएवढी पाण्याची धार सारखी बाहेर पडतेय. मित्राला कुणीतरी फसवलं, असं माझ्या मनाने घेतलं. शनिवारी तो बाजारात गेल्याचं बघून मी सुकून दगड होणारं दोन पुड्यांतलं इपॉक्सी मळलं, भोकात दाबलं, अंगठ्याने गुळगुळीत केलं आणि हात धुऊन घरी गेलो. केलेलं पुण्य बोलून दाखवू नये म्हणून त्याला सांगितलंही नाही.

दुसऱ्या दिवशी गोराईच्या खाडीत मी सुकाणूवर आणि दत्ताराम पुढे गळ बांधत बसलेला. "मोटर बरी आसा ना?" त्याने न वळता विचारलं. "झकास. आता गळतही नाही," मी म्हणालो. मोटरच्या आवाजात त्याला शेवटचं ऐकू गेलं नसावं. दहा मिनिटांत रबर जळल्याचा वास आला, मग धूर, मग मोटर बंद. मोटर पाणी आत ओढते त्या खालच्या जाळीवर प्लास्टिकची पिशवी चिकटली होती, त्यामुळे थंड करायला वर चढणारं पाणी अडलं होतं. तेवढं सांगण्यासाठीच ती धार होती... धार थांबली की मोटर बंद करायची, एवढा साधा करार. आणि मी तिचं तोंडच शिवलेलं. दत्तारामने त्या राखाडी गोळ्यावरून बोट फिरवलं, माझ्याकडे पाहिलं. "ह्या काय?" "बुजवलं. गळत होतं." आणि मग तो हसायला लागला. इतका की होडी हलायला लागली. "अरे मेल्या मोहन्या, ती गळत नव्हती, ती बोलत होती." ओहोटी लागली होती. वल्ही मी मारली, दीड तास, आणि तो समोर बसून माझ्या डब्यातली पोळी-भाजी खात होता.

याला वीसेक वर्षं झाली. पाच आठवड्यांपूर्वी, एका बुधवारी, जेवून जरा आडवा झालेला दत्ताराम उठलाच नाही. वहिनींचा फोन आला, "भावजी, हे उठत नाहीत." त्यांची इमारत माझ्यापासून दोन इमारती सोडून. चालत दोन मिनिटं. मी स्कूटरची किल्ली शोधत पाच मिनिटं घरभर फिरलो आणि शेवटी हेल्मेट घालून चालत गेलो. दारात जमलेल्या माणसांत डोक्यावर हेल्मेट असलेला मी एकटाच. एरवी दत्तारामला हसत उठून बसायला एवढं पुरेसं होतं.

तो लिफ्टचा मेकॅनिक होता. चाळीस वर्षं पोलादी दोर ओढून त्याचे तळवे करवंटीसारखे झालेले. मी शिधावाटप कार्यालयातला कारकून, आयुष्यभर शिक्के मारले. आमची दोस्ती कशी टिकली असं लोक विचारायचे. तर त्याला माझ्या हाताची गरज होती, हे खरं उत्तर. रविवारी खाडीतून परतलं की बोरिवलीच्या आमच्या कॉलनीत, त्याच्या तळमजल्याच्या खिडकीखाली निळं पिंप गोड्या पाण्याने भरायचं, मोटर त्यात उभी करायची आणि चालवायची. "दर्यातसून आयल्याक आधी आंघोळ, मगे जेवाण," हा त्याचा नियम, माणसालाही तोच. आतलं मीठ धुऊन निघेपर्यंत बाहेर पडणाऱ्या धारेखाली हात धरायचा. कोमट असेल तर ठीक, चटका बसला तर आत कुठेतरी तुंबलंय. त्याच्या तळव्यांना काहीच कळायचं नाही. "तुझो कारकुनी हात हाड," म्हणायचा, म्हणजे आण इकडे. वीस वर्षं मी त्या धारेखाली हात धरून उभा राहिलो. सरकारने माझ्या हाताचा इतका नेमका उपयोग कधी करून घेतला नाही.

आणि तुंबायची ती वरचेवर. आमच्या खाडीत माशांपेक्षा पिशव्या जास्त. धार बारीक झाली की तो भंगारातून आणलेली गिटारची तार त्या भोकात घालायचा आणि डॉक्टर कान तपासतो तशी मान वाकडी करून फिरवायचा. तेवढ्याने भागलं नाही तर पातळ केलेलं व्हिनेगर आत फिरवायचा, मग मजलाभर लोणचं घातल्याचा वास. त्यानंतर थर्मोस्टॅटची पाळी. पाणी गरम झालं की उघडणारी ती पितळी झडप दोऱ्याला बांधून तो वहिनींच्या चहाच्या पातेल्यात उकळत सोडायचा आणि उघडते का ते बघत बसायचा. एकदा तेच पाणी गॅसवर दिसलं म्हणून मी त्यात साखर आणि चहा टाकला. दत्तारामने घोट घेतला, शांतपणे गिळला, म्हणाला, "बरो झालो. माझी पण झडप उघडली." वहिनींनी पातेलं दुसऱ्या दिवशी बोहारणीला दिलं.

तो शिकवायचा भरपूर, मी शिकलो काहीच नाही. हे मला कळलं मागच्या आठवड्यात. वहिनींचा फोन आला. मनोरीचे एक ओळखीचे गृहस्थ मोटर विकत मागत होते, रविवारी बघायला येणार होते. "चालत असेल तर राहू दे घरात. ह्यांची सवय आहे मला," वहिनी म्हणाल्या. "पण बंद पडलेली वस्तू रोज डोळ्यांसमोर नको. एवढी वर्षं तुम्ही बरोबर होतात, बघा एकदा." आपण फक्त हात धरून उभे असायचो, हे मी त्या क्षणी सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. मोटर गेली की रविवारी त्या घराची बेल वाजवायला मला कारण उरणार नव्हतं, आणि नुसतं बसायला जाणं मला जमत नाही, डोळे भरतात. म्हणून म्हणालो, "अहो, त्यात काय, तासाभराचं काम."

शनिवारी सकाळी आठला पिंप भरलं. दोरी ओढल्यावर मोटर सुरू झाली, पण धार नाही. ताबडतोब बंद केली. एवढं एक मला येत होतं. तार फिरवली, थोडा चिखल आला, धार नाही. मग खालचा पाय सोडवायला घेतला, कारण पाणी वर ढकलणारं रबरी चक्र त्यात असतं. बोल्ट काढले, ओढलं, हलेना. लाकडाच्या ठोकळ्याने ठोकायला हात उचलला, तेवढ्यात खिडकीतून वहिनींचा आवाज आला, "आधी गिअरची दांडी सोडवायचे ते."

"तुम्हाला कसं माहीत?"

"वीस वर्षं भाजी चिरताना ऐकतेय. 'दांडी सोड रे, दांडी सोड,' म्हणून ओरडायचे तुमच्यावर."

दांडी सोडवली, पाय हातात आला. रबरी चक्राला सहा पाकळ्या असतात. ह्याला पाच होत्या. बिस्किटाच्या डब्यात दत्तारामने नवं चक्र आणून ठेवलेलं होतं, मी ते उचललं. वहिनी एव्हाना विळी बाजूला ठेवून बाहेर आल्या होत्या, प्लास्टिकच्या खुर्चीवर बसल्या. "सहावी कुठेय?" "गेली असेल वाहून." "वाहून गेली असती तर धार आली असती ना? ती वर अडकलीय. ती मिळेपर्यंत बंद करायचं नाही, भावजी. हे नसते केले." मी म्हणालो, एका पाकळीने काय होतंय. त्यांनी बिस्किटाचा डबा पुढे केला. मी नवं चक्र परत त्यात ठेवलं.

मग वरची ती पितळी झडप काढली आणि नळाची रबरी नळी वरच्या तोंडाला लावून पाणी उलटं खाली सोडलं. आधी तांबूस पाणी, मग मिठाचे खडे, मग एक इवला शिंपला. पाकळी नाही. अर्धा तास हेच. माझी बनियन, लुंगी, चष्मा सगळं भिजलं. शेवटी वहिनी उठल्या, घरातून पळी आणली आणि पाण्याच्या उभ्या नळीवर तिच्या दांड्याने हलकेच टकटक करायला लागल्या, दत्तारामसारखी मान वाकडी करून. दहाव्या-बाराव्या ठोक्याला काहीतरी काळं खाली सुटलं आणि त्यांच्या पायावर पडलं. नखाएवढा रबराचा तुकडा. त्यांनी तो तळहातावर घेतला, पदराने पुसला. मग म्हणाल्या, "आता बसवा नवं. चक्र फिरतं त्याच्या मागच्या बाजूला पाकळ्या दुमडून, उलट्या नकोत." मी अर्थात उलट्या दुमडल्या होत्या.

सगळं जोडून दोरी ओढली. तीनदा, चारदा. खांदा भरून आला. "पेट्रोलचा कॉक," वहिनी म्हणाल्या. कॉक उघडला. मोटर खोकली, धरली... आणि आम्ही दोघं श्वास रोखून त्या भोकाकडे बघत राहिलो. एक थेंब, एक पिचकारी, आणि मग ती करंगळीएवढी धार, सरळ, पिंपाच्या बाहेर. वहिनींनी तिच्याखाली हात धरला. "कोमट," म्हणाल्या. मी धरला. "थंडच आहे." "कोमट." "अहो, हा अनुभवाचा हात आहे." वरच्या मजल्यावरचे लोक गॅलरीतून बघत होते, भर सकाळी पाचव्या आठवड्यातली एक विधवा आणि भिजलेला म्हातारा एका धारेखाली हात धरून भांडत हसताहेत. बघू देत.

आवरायला घेतलं तेव्हा स्टुलावर एक वायसर उरला होता. मी तो गुपचूप लुंगीच्या ओच्यात सरकवला. वहिनींनी पाहिलं. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला, मनोरीचे गृहस्थ होते.

"नाही हो, मोटर द्यायची नाही आता," वहिनी सांगत होत्या. "चालतेय ना, छान धार मारतेय... हो, भावजींनीच जोडली, माझ्या डोळ्यांसमोर... अहो, म्हणूनच तर. ओळखीच्या माणसाच्या गळ्यात असली वस्तू बांधून मी कशाला पाप घेऊ?"