चहाच्या आत एक अलक

विचारलंच आहे तुम्ही, तर चहा घेता घेता ऐका माझी फजिती. हसलात तरी चालेल. आमच्या घरात तेव्हा कुणाला हसू आलं नव्हतं.

मला अलक लिहायचा नाद आहे. अलक म्हणजे अति लघु कथा. चारेक ओळींत गोष्ट सुरू करायची आणि संपवायचीसुद्धा! सकाळी जाऊबाई भाकरी थापायला बसल्या, की मी चहाचा कप घेऊन मागच्या पायरीवर. चहा संपायच्या आत मोबाइलवर एक अलक. रोज म्हणजे रोज. घरात कुणाला पत्ता नव्हता.

माझं माहेर नाशिकचं, सासर शहाद्याचं. आमचे हे धडगावला नोकरीला, शनिवारीच घाट उतरून घरी येतात. तर एका सकाळी मैत्रिणीचा फोन आला. मी मोठ्या तोऱ्यात म्हणाले, "अगं, काही झालं तरी आता अलक केल्याशिवाय राहत नाही मी! घरात अजून सांगितलं नाहीये."

मागे सासूबाई तुळशीला पाणी घालत होत्या. त्यांना काय ऐकू आलं? "अलग केल्याशिवाय राहत नाही!" म्हणजे झालं! धाकटी सून चूल वेगळी मांडणार! हे मला तेव्हाच कळलं असतं तर?

बुधवारी हे दारात! जीपमध्ये स्वतःला कोंबून घेऊन, धुळीने पांढरे होऊन आलेले. मागोमाग सारंगखेड्याहून मामेसासरे. सगळे ओसरीवर तोंडं पाडून बसले. मला वाटलं, माझं लिहिणं उघडकीला आलं.

"सूनबाई, काय कमी पडनं तुले या घरमा?" मामांनी विचारलं.

"कमी काही नाही, मामा. पण अलक मी सोडणार नाही. आणि कुणाला त्रास आहे का त्याचा? चहाच्या आत उरकते!"

"चहाना आत?" मामांची बशी हातातच राहिली.

"हो. रोज एक करते."

"रोज?"

"अगं, मला तरी विचारायचंस!" हे कळवळले.

"तुम्हाला काय विचारायचं? तुम्हाला त्यातलं काही कळतं का?"

सासूबाईंनी पदर डोळ्यांना लावला. "मन्हं घर फुटनं वं माय!"

माझं टाळकंच सटकलं. गोष्टी लिहून कधी घर फुटतं? म्हटलं थांबा, ऐकवतेच! आणि त्या दिवशीची ताजी अलक खणखणीत आवाजात वाचली: "दोन भावांच्या दोन चुली पेटल्या. आई मधल्या उंबऱ्यावर रिकामं ताट घेऊन बसली. दोघांनाही वाटलं, ती तिकडे जेवली."

सासूबाईंनी हंबरडाच फोडला!

"आई, अहो गोष्ट आहे ती! खोटी! अलक! अति लघु कथा!"

"अलग नही?"

"नाही हो! क! कमळातला क!"

मामांनी बशी तोंडाला लावली. सुटले बाई, म्हणून मी मोबाइल खाली ठेवला. तेवढ्यात जाऊबाई, ज्यांनी आजवर मामांसमोर तोंड उघडलं नव्हतं, त्या हळूच म्हणाल्या, "नही, पन इशय निंघनाच शे ते... वरनी खोली रिकामीच शे."

सासूबाईंचं रडणं तिथल्या तिथे थांबलं. "मी खालेच मोठीजोडे ऱ्हासू. धाकलीना हातनी भाजी माले फिक्की लागस."

मी यांच्याकडे आशेने पाहिलं. हे मामांना सांगत होते, वर गॅसची शेगडी कुठे बसेल ते.

तर आता वरच्या खोलीत मी स्वतंत्र! चहा माझा, भाकरी माझ्या, पोरांचे डबे माझे, पाण्याची मोटर माझी. सकाळी खालून जाऊबाईंच्या भाकरीचा वास येतो आणि मला खरंच रडू येतं. लिहिणार कधी, कपाळ?

परवा मैत्रिणीने विचारलं, "अलक का गं बंद?" मी चिडून पिठाच्या हातानेच लिहायला घेतली: "रोज अलक करता करता ती अलग झाली. आणि मग एक दिवस". एवढ्यात अंगठा लागला आणि अर्धीच तिला गेली.

लगेच तिचं उत्तर. "वा! काय शेवट केलास! आजवरची तुझी सगळ्यात उत्तम अलक!"

शेवट कसला डोंबलाचा! दूध उतू गेलं होतं.